एकवीस गिअरांचा आकडा

शाळा उघडण्याच्या सुमारास सायकलींच्या दुकानांतून एक संवाद हमखास कानी पडतो. बाप विचारतो, ‘‘गिअर किती?’’ दुकानदार सांगतो, ‘‘एकवीस.’’ मुलाचे डोळे लकाकतात आणि सौदा पुरा होतो. पुढे पहिल्याच मोठ्या चढणीवर मुलगा उतरून सायकल हाताने ढकलू लागतो. एकवीसपैकी दोन-तीन गिअरांपलीकडे त्याचा हात कधी जात नाही, आणि दोन पावसाळे उलटतात न उलटतात तोच ते वाहन सोप्यावर गंजत पडते. दोष मुलाच्या आळसाला दिला जातो. आमच्या मते दोष मुलाचा नसून त्या आकड्याचा आहे.

सायकलीचे गणित तसे साधे आहे. पेडलांपाशी असलेल्या दातेरी चक्रास आपण चेनव्हील म्हणतो. त्याच्या दातांच्या संख्येस मागल्या चक्राच्या दातांनी भागले, की पेडलाच्या एका फेरीत मागले चाक किती फेरे घेते ते कळते. भोंगा वाजवीत पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलीस पुढे एक व मागे एक असे चक्र असते. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर हा भागाकार सुमारे २.४ येतो. सपाटीवर तो सोयीचा. पण उभी चढण आली की पोदेर मुकाट्याने खाली उतरतो. चढणीसाठी भागाकार एकाच्या आसपास, किंबहुना त्याहूनही कमी असावा लागतो. यालाच आपण हलका गिअर म्हणतो.

हा हलका गिअर मिळविण्यासाठी युरोपात मोठा वाद झाला. फ्रान्समधील सेंत-एत्येन गावचे पॉल द विव्ही (१८५३–१९३०) हे ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत. रस्ता बदलला तरी पायांची लय बदलू नये, हे त्यांचे सांगणे. उलटपक्षी, १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर बदलणे हा शरीराच्या कसोटीत केलेला लबाडीचा प्रकार वाटे. त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागले चाक काढून, दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र साखळीखाली आणण्याची पाळी स्पर्धकांवर येई. अखेर १९३७ साली या शर्यतीत साखळी सरकविणाऱ्या यंत्रणेस मुभा मिळाली आणि त्याच वर्षी ती वापरून रोजे लापेबी विजयी झाले. वेलोसिओ ते पाहावयास हयात नव्हते.

मागे फार चक्रे मावत नसत, म्हणून पुढे दोन वा तीन चेनव्हील आली. त्या काळी तो शहाणपणाचाच उपाय होता. परंतु पुढची तीन गुणिले मागची सात म्हणजे एकवीस, हा गुणाकार जाहिरातीचा आहे, पायांचा नव्हे. पुढे ४२, ३४ व २४ आणि मागे १४ पासून २८ पर्यंत दाते, ही पुष्कळ सायकलींवर आढळणारी मांडणी घ्या. ४२ ला २८ ने भागले तरी दीड, आणि २४ ला १६ ने भागले तरी दीडच! ४२ व २० आणि ३४ व १६ या जोड्यांतही फरक नावापुरताच. अशी पुनरुक्ती वगळली आणि साखळी फार तिरकी ओढणाऱ्या जोड्या सोडून दिल्या, की एकविसातले जेमतेम निम्मे गिअर कामाचे उरतात.

आता दुसरी मांडणी पाहा. पुढे ३२ दातांचे एकच चेनव्हील आणि मागे ११ ते ४२ दातांची दहा चक्रे. सर्वांत जड गिअर २.९, सर्वांत हलका ०.७६. एकवीसवाल्या सायकलीचे हेच आकडे ३ आणि ०.८६ आहेत. म्हणजे दहा गिअरांची सायकल एकवीस गिअरांच्या सायकलीपेक्षा चढणीवर अधिक हलकी चालते! २०१२ साली ‘स्रॅम’ कंपनीने मागे अकरा चक्रे आणि पुढे आळीपाळीने जाड-बारीक दातांचे एकच चेनव्हील देऊन डोंगरी सायकलींत ही पद्धत रूढ केली. पुढली साखळी सरकविणारी यंत्रणा त्यामुळे गेली, आणि तिच्यासोबत एक वायर, एक खटका व चिखल साचण्याची एक जागाही गेली.

एकच चेनव्हील सर्वांनाच श्रेष्ठ, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ११ वरून १३ दातांवर जाताना पायांना अठरा टक्क्यांचा धक्का बसतो. शर्यतीच्या सायकलीत ११ वरून १२ वर जाताना तो नऊच टक्के असतो. २०१८ साली आयर्लंडचा एक व्यावसायिक संघ एकाच चेनव्हीलनिशी शर्यतींत उतरला, तेव्हा त्याच्या मालकानेच जाहीर नाराजी व्यक्त केली. सपाट रस्त्यावर तासन्‌तास एका लयीत धावणाऱ्यास दोन चेनव्हील आजही उपयोगी आहेत. शिवाय मागली मोठी चक्रे महाग पडतात, हेही खरे.

परंतु आमचा प्रश्न शर्यतीचा नाही. खाजनाच्या बांधावरून निघून तांबड्या मातीच्या चढणीने शाळेत पोचणाऱ्या मुलीचा, आणि खाऱ्या वाऱ्यात व चार महिन्यांच्या पावसात टिकणाऱ्या वाहनाचा आहे. उद्या तिने चोर्ला घाट चढावयाचे मनात आणले, तरी तिला हवा असेल तो हलका गिअर. एकवीस हा आकडा नव्हे.

ज्यांच्या घरी तीन चेनव्हीलची सायकल आहे, त्यांनी ती मोडीत काढण्याचे कारण नाही. एरवी मधले चेनव्हील वापरावे, आणि चढण सुरू होण्यापूर्वी, पायांवर जोर येण्याआधीच, लहानावर यावे. एवढे मुलांना शिकवले तरी पुष्कळ. नवी घेणाऱ्या पालकांनी मात्र ‘‘गिअर किती?’’ हा प्रश्न सोडून ‘‘पुढे सर्वांत लहान चक्राला दाते किती आणि मागे सर्वांत मोठ्याला किती?’’ असे विचारावे. मागला आकडा पुढल्याहून मोठा असेल, तरच ती सायकल चढणीची. विक्रेत्यांनीही किमतीच्या चिठ्ठीवर हे दोन आकडे छापावेत. त्यांना त्यासाठी एक पैसाही खर्च येणार नाही. आणि कदाचित काही सायकली सोप्यावरून पुन्हा रस्त्यावर येतील.