ख्रिस्ती एकांतसाधना आणि श्रद्धेची वाढ : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

ख्रिस्ती समाजात ‘रिट्रीट’ ह्या नावाने रूढ असलेल्या साधनेस मराठीत एकांतसाधना म्हणता येईल. नित्याचे व्यवहार काही काळ बाजूस ठेवून मौन, शास्त्रवचनांचे मनन, प्रार्थना व आत्मपरीक्षण ह्यांत घालविलेला नियमबद्ध काळ, असे तिचे स्वरूप आहे. विश्रांतीसाठी केलेला प्रवास किंवा प्रवचनांची मालिका ह्यांहून ती भिन्न होय. ह्या साधनेने श्रद्धा कशी वाढते, आणि नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील कष्टकरी भाविकाला ती कितपत साध्य आहे, हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित आहेत.

साधनेचे मूळ शुभवर्तमानातच आढळते. येशू पहाटे उठून निर्जन स्थळी प्रार्थनेस जात असे, असे मार्क सांगतो. कार्याहून परतलेल्या शिष्यांनाही त्याने एकांतात येण्यास सांगितले. परंतु ह्या वृत्तीला पद्धतशीर रूप दिले ते इग्नेशियस लोयोला ह्याने. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी झालेला हा स्पॅनिश सरदार पुढील वर्षी मानरेसा येथे राहिला व तेथील अनुभवांच्या आधारे त्याने साधनेची टिपणे लिहू लागला. ‘आध्यात्मिक साधना’ ह्या त्याच्या ग्रंथास १५४८ साली पोप तिसरे पॉल ह्यांनी मान्यता दिली.

ग्रंथातील संपूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची असून तिचे चार ‘आठवडे’ कल्पिले आहेत. पहिल्यात स्वतःचे पाप व ईश्वराची करुणा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे जीवन, तिसऱ्यात त्याचे दुःखसहन आणि चौथ्यात पुनरुत्थान हे मननाचे विषय असतात. हा क्रम हेतुपूर्वक योजिलेला आहे. साधक आधी स्वतःला ओळखतो, मग ख्रिस्ताला ओळखतो आणि त्या ओळखीच्या प्रकाशात आपल्या जीवनाविषयी निर्णय घेतो. मार्गदर्शकाने हा निर्णय साधकावर लादू नये, ईश्वर व साधक ह्यांच्यामध्ये त्याने येऊ नये, असा स्पष्ट दंडक आहे. परंपरेने किंवा कुटुंबाकडून लाभलेली श्रद्धा येथे व्यक्तीची स्वतःची होते. ह्या साधनेचे खरे मूल्य तेच होय. श्रद्धेची वाढ म्हणजे भावनेचा उमाळा नव्हे. मन शुष्क व निराश झाले असता पूर्वीचा सुविचारित निश्चय बदलू नये, हा इग्नेशियसचा नियम त्याचेच द्योतक आहे.

आता स्थानिक परिस्थिती पाहू. मराठवाड्यात कॅथलिक पंथाचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून निर्माण झाला. प्रॉटेस्टंट मिशनांचे कार्य त्याच्या कितीतरी आधीचे आहे. एकांतसाधनेस परंपरेने सर्वांत अनुकूल मानलेला काळ म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ. तो फेब्रुवारी ते एप्रिल ह्या महिन्यांत येतो. नेमक्या ह्याच सुमारास रब्बी ज्वारीची काढणी चालू असते. शिवाय ऊसतोडीसाठी ह्या भागातून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेली अनेक कुटुंबे हंगाम संपेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, गावी परतत नाहीत. रोजंदारीवर जगणाऱ्यास तीस दिवसच काय, तीन दिवसांचा एकांतही महाग पडतो. तेव्हा ही साधना सवड असणाऱ्यांपुरतीच आहे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

त्याचे उत्तर इग्नेशियसच्या ग्रंथाच्या प्रारंभी दिलेल्या वीस सूचनांत सापडते. अठरावी सूचना अल्पशिक्षित किंवा मर्यादित कुवतीच्या साधकासाठी असून तीत आत्मपरीक्षण, आज्ञांचे मनन व सोपी प्रार्थना एवढेच सांगितले आहे. एकोणिसावी सूचना, ज्याच्या ठायी शिक्षण किंवा बुद्धी आहे परंतु जो कामातून मोकळा होऊ शकत नाही, त्याच्यासाठी आहे. त्याने रोज दीड तास काढून, आपले काम चालू ठेवून, दीर्घ मुदतीत साधना पूर्ण करावी. विसावी सूचना पूर्ण एकांताची होय. ह्या तिहींतील भेद मार्मिक आहे. शेतमजुराला केवळ तो मजूर म्हणून अठराव्या सूचनेच्या वर्गात टाकणे ही मोठी चूक ठरेल. वेळेचा अभाव म्हणजे पात्रतेचा अभाव नव्हे. कित्येकांच्या बाबतीत एकोणिसावी सूचनाच लागू पडते. मात्र दीड तासाची वाटणी त्यांच्या दिनक्रमानुसार करावी लागेल आणि मार्गदर्शकास त्यांच्या वस्तीपर्यंत जावे लागेल.

मराठी भूमीला अशी जुळवणी अपरिचित नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांस एकत्र आणण्याचा यत्न केला. जॅक विन्स्लो ह्यांनी १९२२ साली स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघाने पुण्यात आश्रमजीवनाचा मार्ग चोखाळला. मराठवाड्याच्या गावोगावी होणारा अखंड हरिनाम सप्ताहही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात सामूहिक नामघोष असतो, तर एकांतसाधनेत मौन व व्यक्तिगत मार्गदर्शन असते. म्हणून दोहोंस एकरूप मानता येणार नाही. तथापि ठरावीक दिवस ईश्वरासाठी राखून ठेवावेत, ही कल्पना येथील शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली आहे. ख्रिस्ती मंडळींनी साधनेची वेळ सुगीनंतर, हंगामावरून कुटुंबे परतल्यावर ठेविली, तर ह्या संस्काराचा त्यांना लाभ होईल.

साधनेची कसोटी मात्र ती संपल्यावर लागते. प्रेम शब्दांपेक्षा कृतीत अधिक प्रकट व्हावे, असे इग्नेशियसने अखेरच्या मननात सुचविले आहे. परतलेला साधक घरात अधिक सहनशील, मजुरीच्या व्यवहारात अधिक सचोटीचा आणि शेजाऱ्याच्या अडचणीत अधिक तत्पर झाला, तरच त्याची श्रद्धा वाढली असे म्हणता येईल. असा पालट घडावा म्हणून एकांताची योजना आहे. आणि तो पालट डोंगरावरील साधनागृहात राहणाऱ्यास जितका शक्य आहे, तितकाच फडावरील कोपीत राहणाऱ्यासही शक्य आहे.