चेहऱ्यावरील लाली आणि पेल्याचा हिशेब

टोकियोंतील एखाद्या कचेरींतील मंडळी काम आटोपून सायंकाळीं एकत्र बसतात. पहिला पेला ओठांस लागतो न लागतो तोंच त्यांपैकीं एकाचा चेहरा, कान आणि मान लालबुंद होतात. छाती धडधडूं लागते, डोकें ठणकूं लागतें. सोबती हंसतात, 'याला घोटांतच चढली' असें म्हणून आणखी आग्रह करतात. वास्तविक ही झिंग नव्हे. शरीरानें दिलेली ती सूचना होय. ज्याला मद्य सोसत नाहीं अशा माणसास जपानी भाषेंत 'गेको' म्हणतात.

या लालीचें कारण शरीराच्या रसायनांत आहे. मद्य पोटांत गेलें म्हणजे त्यांतील मद्यार्काची विल्हेवाट मुख्यतः यकृत दोन टप्प्यांनीं लावतें. पहिल्या टप्प्यांत मद्यार्कापासून ॲसिटाल्डिहाइड हें विषारी द्रव्य तयार होतें; दुसऱ्यांत एएलडीएच-२ नांवाचें एन्झाइम त्याचें निरुपद्रवी ॲसिटेट करून टाकतें. जपान, चीन आणि कोरिया या देशांतील सुमारें ३६ टक्के लोकांत हें एन्झाइम जन्मतःच दुबळें असतें. विष सांचतें, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चेहरा लाल होतो. मद्यपाश सोडविण्यासाठीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं १९४८ सालीं पुढें आणलेलें डिसल्फिराम हें औषध नेमकें हेंच एन्झाइम अडवून धरतें.

हा दुबळेपणा मातापित्या दोघांकडून आला असेल, तर माणूस सहसा मद्याच्या वाटेसच जात नाहीं. एकाकडूनच आला असेल, तर तो हळूहळू पिण्यास सरावतो. पुष्कळदां लालीही फिकी पडते. परंतु खरा धोका त्यालाच! लाली गेली तरी एन्झाइम दुबळें तें दुबळेंच राहतें, आणि अशा माणसानें पिणें चालू ठेविल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचें भय फार वाढतें. ॲलर्जीच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन लाली लपविणारे लोकही आपलीच फसवणूक करतात. घंटा बंद केल्यानें आग विझत नाहीं.

मग बैठकींत बसावें तरी कसें? त्यासाठीं पेले न मोजतां मद्यार्काचे ग्रॅम मोजावे. जपानच्या आरोग्य मंत्रालयानें फेब्रुवारी २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनाचा भर याच हिशेबावर आहे. पेयाचे मिलिलिटर, त्यांतील मद्यार्काचें शेंकडा प्रमाण आणि ०.८ यांचा गुणाकार केला कीं ग्रॅम मिळतात. १५ टक्क्यांची साके १८० मिलिलिटर घेतली तर सुमारें २२ ग्रॅम होतात. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ३५० मिलिलिटर डब्यांत १४ ग्रॅम, ३ टक्क्यांच्या पेयाच्या तेवढ्याच डब्यांत ८.४ ग्रॅम, आणि अर्ध्या टक्क्याच्या पेयांत अवघे १.४ ग्रॅम. असें अर्ध्या टक्क्याचें बिअरसारखें पेय असाही कंपनीनें २०२१ सालीं बाजारांत आणलें. जपानी कायद्याप्रमाणें १ टक्क्याहून कमी मद्यार्क असलेलें पेय मद्यांत गणलें जात नाहीं.

मात्र सौम्य पेय म्हणजे निर्धोक पेय नव्हे. ३ टक्क्यांचे दोन डबे रिचविले तर बिअरच्या एका डब्याहून अधिक मद्यार्क पोटांत जातो. थोड्यानेंही ज्याचा चेहरा लाल होतो, त्यानें मद्यार्कहीन पेय किंवा उलाँग चहा मागवावा, आणि त्यांत संकोच मानूं नये. संकोच वाटावा तो आग्रह करणाऱ्यास. जेवणाच्या पंगतींत आग्रह शोभतो. परंतु समोरच्याचें तोंड लाल झालेलें दिसत असतां त्याचा पेला पुन्हां भरणें हा कांहीं पाहुणचार नव्हे.