गुलाबी थंडी आणि वडखळची पहाट

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाने पेण मागे टाकले, की थोड्याच वेळात उजव्या हाताला अलिबागचा रस्ता फुटतो. त्या फाट्यावर वसलेले गाव वडखळ. पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याचे डोंगर, पश्चिमेस धरमतरच्या खाडीचा मुलूख, आणि मध्ये भाताची खाचरे व खाऱ्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या झगडणारा खारेपाट, अशी या गावाची साधारण चतुःसीमा सांगता येईल. मार्गशीर्ष लागला, की शनिवारच्या पहाटेपासून येथील नाक्यावर मुंबईच्या मोटारींची रीघ लागते. समुद्रकाठच्या बंगल्यांकडे निघालेली ही मंडळी चहापुरती खाली उतरतात, हातावर हात चोळतात, आणि त्यांच्या तोंडून एक शब्दप्रयोग हमखास बाहेर पडतो, तो म्हणजे ‘गुलाबी थंडी’. हा शब्दप्रयोग मी या नाक्यावर लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तेवढीच वर्षे माझ्या मनाने त्याला हरकत घेतली आहे.

मला हिवाळा आवडत नाही, हे मी पूर्ण विचारान्ती लिहितो. आमच्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या आणि वर कौले होती. पौषातल्या पहाटे कौलांवरून टपटपणाऱ्या दहिवराने चाळवलेली झोप आजीच्या दम्याच्या उबळीने पुरती मोडे. मग ती गोधडी पाठीशी ओढून चुलीपुढे बसून राही, आणि चुलीचा धूर तिला सोसवत नसला तरी चुलीपासून दूर सरकणेही तिला परवडत नसे. थंडीचे चार महिने ती रथसप्तमीचे दिवस मोजी. त्या दिवशी अंगणात शेणींवर ठेवलेले दूध उतू गेले, की तिच्या लेखी थंडीची मुदत संपे. सूर्याला केलेला तो नमस्कार तिच्या वर्षातला सर्वांत मनापासूनचा नमस्कार असे.

‘कोकणात थंडी पडते तरी कुठे?’ असा प्रश्न देशावरची माणसे नेहमी विचारतात, आणि आकड्यांकडे पाहिले तर तो रास्तही वाटतो. परंतु शीत ही वस्तू केवळ आकड्याने मोजता येत नाही, हे सरकारी शास्त्रानेही मान्य केलेले आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअसपर्यंत वा त्याखाली उतरल्यावाचून भारतीय हवामान विभाग थंडीची लाट मानीत नाही. समुद्रकाठच्या ठाण्यांसाठी मात्र हीच मर्यादा १५ अंशांची ठेवलेली आहे, आणि तापमान सरासरीहून साडेचार अंशांनी किंवा अधिक घसरलेले असावे, अशी पुस्ती तिला जोडलेली आहे. ज्या शरीराला बारा महिने उष्ण व दमट हवेची सवय आहे, ज्या घराची बांधणीच वारा आत यावा म्हणून झालेली आहे, आणि ज्या पेटीत लोकरीचे एकही वस्त्र नाही, त्या शरीराला, त्या घराला आणि त्या पेटीला १५ अंश पुरेसे होतात, असा या नियमाचा अर्थ मी लावतो. कधी कधी उत्तरेचा वारा याहूनही पुढे मजल मारतो. हिमालयावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला, की त्याच्यामागून उत्तरेची कोरडी, गार हवा खाली उतरते, आणि क्वचित ती कोकणपट्टीपर्यंत पोहोचते. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे पारा ७.४ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे.

वडखळच्या थंडीला आणखी एक अंग आहे, आणि त्याचा विचार गुलाबी थंडीच्या वर्णनात कधी येत नाही. निरभ्र आकाशाखाली हिवाळ्याच्या लांब रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते, डोंगरउतारावरची गार हवाही घसरत सखल भागात येऊन साठते, आणि वरची हवा तुलनेने उबदार राहिल्याने खालच्या हवेवर जणू झाकण पडते. मग चुलींचा धूर, शेकोट्यांचा धूर, भट्ट्यांचा धूर आणि महामार्गाची धूळ ही सारी माणसाच्या नाकातोंडाच्या पातळीवरच अडकून राहते. ऊन चढले आणि खाडीकडून वारा सुटला, की हे झाकण उघडते. तोवर दूरवरून जे धुके नयनरम्य दिसते, ते श्वासावाटे आत घेणाऱ्याला धुके आणि धूर यांतील भेद चांगला कळलेला असतो.

शीतकालीन ऊबदारपणाचे जे चित्र आज घराघरांत पोहोचले आहे, त्याचे मूळ फार उत्तरेला आहे. डेन्मार्कमधील ‘ह्युगे’ हा शब्द २०१६च्या सुमारास पुस्तकांच्या द्वारे जगभर गेला. मेणबत्त्यांचा मंद प्रकाश, लोकरी पायमोजे, वाफाळता पेला आणि जिवलगांची संगत, असा त्याचा आशय सांगितला जातो. कोपनहेगनला वर्षातला सर्वांत लहान दिवस जेमतेम ७ तासांचा असतो. तेथील मनुष्याने दिव्याभोवती सुख शोधावे हे स्वाभाविकच होय. त्याच अंधाराच्या दुसऱ्या बाजूला ऋतुजन्य विषण्णता आहे, जिचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली वैद्यकापुढे मांडले. आमचे वडखळ १९व्या अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस आहे. येथे लहानात लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो आणि मध्यान्हीचा सूर्य त्या दिवशीही क्षितिजापासून ४८ अंशांवर तळपतो. ज्या अंधारावर उतारा म्हणून ते चित्र निर्माण झाले तो अंधार आमच्याकडे नाही, आणि जी भक्कम घरे, जाड भिंती व धुराडी त्या चित्रात गृहीत धरलेली आहेत, तीही आमच्याकडे नाहीत.

थंडीला रमणीय करून दाखविण्याची हौस आपल्याकडे नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त सहा ऋतूंचे सहा सर्ग आहेत आणि त्यातील हेमंत व शिशिर हे प्रामुख्याने संपन्न गृहांतील शृंगाराचे सर्ग आहेत. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ तर थेट आपल्या मातीतली. तिच्या एका गाथेत ऐन माघात अंगावरचे पांघरूण देऊन बैल घेणारा शेतकरी येतो, आणि पत्नीच्या आलिंगनाची ऊब असताना पांघरुणाची गरजच काय, असा तिचा शृंगारिक भाव आहे. रसिकांनी त्या भावाचे कौतुक केले. मला त्या गाथेत एक जमाखर्च दिसतो, आणि तो असा, की त्या कुणब्याला बैल आणि पांघरूण या दोन्ही वस्तू एकाच वेळी परवडत नव्हत्या.

काव्याने जे झाकले ते वैद्यकाने मात्र स्वच्छ सांगून ठेवले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचा जो अध्याय आहे, त्यात हेमंतात मनुष्याचे बल उत्तम असते आणि जठराग्नी प्रबळ होतो, असे म्हटलेले आहे. हे वाक्य दरवर्षी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आपल्या वाचनात येते. त्याला लागूनच आलेले विधान मात्र सहसा कोणी उद्धृत करीत नाही. या प्रबळ झालेल्या अग्नीला योग्य इंधन, म्हणजे पुरेसे व स्निग्ध अन्न, मिळाले नाही, तर तो देहातील रसालाच जाळू लागतो आणि शीतकाळात वायूचा प्रकोप होतो, असे तेथे बजावलेले आहे. तोच ऋतू धष्टपुष्टाला अधिक पुष्ट करतो आणि उपाशी माणसाला आतून खातो, ही गोष्ट इतक्या नेमकेपणाने अन्यत्र क्वचितच मांडली गेली असेल.

आपल्या लोकरीतीने हा इशारा ओळखला होता. दिवाळीच्या अभ्यंगाला तेल आणि उटणे लागते, ते कोरड्या पडू लागलेल्या त्वचेसाठी. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी होते, संक्रांतीला तिळगूळ वाटला जातो, बाळंतिणीच्या ताटात अळीव आणि डिंकाचे लाडू येतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून, उन्हात बसून, धावदोरा घालून शिवलेली गोधडी हा तर थंडीविरुद्ध घराघरांत तयार होणारा दस्तऐवजच म्हटला पाहिजे. या साऱ्या प्रकारांत थंडीची स्तुती नाही, तरतूद आहे. आणि तिळगुळाच्या बाबतीत ती तरतूद दुसऱ्याच्या हातावर ठेवण्याचा प्रघातही आहे.

हिवाळ्याचे उपकार नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल. भात निघून गेल्यावर गोड्या जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि दहिवरावर आमचा वाल वाढतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोही याच दिवसांतला. हापूसला मोहोर फुटण्यासाठी गारवा लागतो, मग त्याच मोहोरावर धुके आणि ढगाळ हवा भुरी व तुडतुडे घेऊन आली तरी. आणि पोपटी तर आमच्या मुलखाचे भूषण! मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, कोणी बटाटे, अंडी वा कोंबडीही घालते. वरून पुन्हा पाला दडपून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा व काटक्या पेटवून देतात. पाण्याचा थेंब न घालता शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. ही पोपटी मीही आवडीने खात आलो आहे. परंतु ती पिकाची देणगी आहे, शेतात राखणीला बसलेल्या माणसांनी हाताशी होते तेवढ्यातून साधलेले ते जेवण आहे. शेकोटीभोवती पाहुण्यांना बसवून विकली जाणारी हौस ही तिची अगदी अलीकडची कारकीर्द होय.

गोड्या जमिनीची ही कथा झाली. खारेपाटातील शेत भाताच्या एकाच पिकाचे धनी असते. पावसाच्या गोड्या पाण्याने दबलेले मीठ पाऊस गेल्यावर वर चढू लागते, जमीन भेगाळते, आणि बांदिस्तीला कोठे खांड पडली, तर उधाणाचे पाणी आत शिरून पुढच्या हंगामाचीही माती करते. त्यातही एके काळी खळ्यावर पडलेली भाताची रास कुळाच्या घरी जाण्याआधी खोताचा खंड त्यातून मोजून घेतला जाई. ज्या दिवसांत पीक हाती येते त्याच दिवसांत ते हातचे जाते, हा अनुभव या भागाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो १९३९पर्यंत चालला. दरम्यान १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. इतकी वर्षे शेते पडीक ठेवून ज्यांनी थंडीचे दिवस काढले, त्यांच्या नातवंडांच्या गावांतून आज गुलाबी थंडीकडे जाणारा रस्ता गेला आहे.

खोती गेली, पण हिवाळ्याने घर सोडायला लावण्याची रीत गेली नाही. पेण, रोहे, सुधागड या भागांतील डोंगरपायथ्याच्या वाड्यांत कातकरी राहतात. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल हातचे गेले तेव्हा तो धंदाही गेला, आणि महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक अशी त्यांची सरकारी नोंद झाली. दिवाळीच्या आसपास मुकादम वाडीत येतो, हातावर उचल ठेवतो, आणि कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर निघून जातात, ती मिरगाच्या तोंडावर परततात. विटांचा हंगाम कोरड्या दिवसांचाच असतो. गारा तुडवण्याचे आणि विटा थापण्याचे काम दिवस उगवण्याच्या पुष्कळ आधी, अंधारातच सुरू होते. पौषातल्या त्या प्रहरी गार चिखलात घोट्यापर्यंत उभा असलेला माणूस, त्याच चिखलात हात घालून साचा भरणारी त्याची कारभारीण, आणि विटांच्याच रचलेल्या, वर पेंढा टाकलेल्या खोपटात एका फाटक्या चादरीखाली निजलेली मुले, ही माझ्या गावाच्या आसमंतातील थंडीची पहाट आहे. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला, सक्तीच्या शिक्षणाचा २००९ साली; तरीही उचलीचा हिशेब हंगामाअखेर फिटत नाही आणि मुलांचे शाळेचे वर्ष दिवाळीच्या सुट्टीतच संपते, असे पुष्कळ ठिकाणी घडत असते.

सौम्य थंडीने काय बिघडते, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तरही आता उपलब्ध आहे. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतील ३८४ ठिकाणच्या ७ कोटी ४० लाखांहून अधिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी आणि ०.४२ टक्के मृत्यूंचा उष्णतेशी आढळला. आणि थंडीच्या वाट्याचे बहुसंख्य मृत्यू कडाक्याच्या थंडीचे नसून सौम्य थंडीचे होते. त्या देशांत भारत नव्हता, परंतु २०१८ साली भारतातील मृत्यूंचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष असाच आहे, की तीव्र थंडी वा तीव्र उन्हापेक्षा मध्यम थंडीचा भार अधिक आहे. मध्यम थंडी बातमीचा विषय होत नाही. ती म्हाताऱ्यांच्या छातीत आणि हृदयरोग्यांच्या रक्तवाहिन्यांत गाजावाजा न करता आपले काम करून जाते, आणि घरची माणसे ‘वय झाले होते’ असे म्हणून समाधान मानतात. माझ्या आजीबद्दलही आम्ही तसेच म्हटले होते. ती माघात गेली, रथसप्तमीला पाच दिवस उरले असताना.

म्हणून गुलाबी थंडी या शब्दाला असलेली माझी हरकत मी येथे लेखी नोंदवून ठेवतो. भिंत, छप्पर, पोटभर अन्न आणि पांघरूण ही ज्याच्यापाशी आहेत, तो थंडीचे म्हणून जे वर्णन करतो ते वस्तुतः आपल्या भिंतीचे, छपराचे, अन्नाचे आणि पांघरुणाचे वर्णन असते. ते सुख खोटे नाही, पण त्याचे श्रेय ऋतूचे नाही. आपल्या पूर्वजांनी थंडीसाठी तरतूद करण्याची आणि ती वाटण्याची रीत घालून दिली. तीच पुढे चालवणे हे थंडीच्या कौतुकाहून अधिक रसिकतेचे काम आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा अभ्यंगाचे तेल अंगावर अजून ओले असेल. तुळशीची लग्ने लागली, की भट्ट्यांकडे निघालेले टेम्पो वडखळच्या नाक्यावरून जाऊ लागतील. आपल्या गावाजवळ भट्टी असेल, तर एकदा तेथे जावे. मुलांकडे शिक्षण हमी कार्ड आहे काय आणि जवळच्या शाळेत त्यांची नावे घातली आहेत काय, हे विचारावे. खोपटावर पेंढ्याऐवजी पत्रा आणि खाली कोरडी जमीन असावी, असे मालकाला सांगावे. आणि जाताना गोधडी न्यावी, नवी आणि जाड.