मताचे ऋण आणि मताचा हिशेब

बीड जिल्ह्यातील मतदार घराण्यास आणि जातीस मत देतो, केलेल्या कामाचा हिशेब तो मागत नाही, असा एक समज बाहेर दृढ झाला आहे. दिवंगत गोपीनाथराव मुंडे यांची विधिमंडळातील कारकीर्द आणि त्यांच्या पश्चात झालेल्या निवडणुका पाहता हा समज अर्धाच खरा आहे, असे आम्हांस वाटते.

परळी तालुक्यातील नाथ्रा या खेड्यात १९४९ साली जन्मलेले मुंडे १९८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, रेणापूर मतदारसंघातून विधानसभेत गेले. पाचच वर्षांनी त्याच मतदारसंघाने त्यांना घरी बसविले आणि काँग्रेसचे पंडितराव दौंड यांना निवडून दिले. परंतु मुंडे घरी बसले नाहीत. १९८६ साली पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद स्वीकारून त्यांनी राज्य पिंजून काढले. पुढे १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ अशा सलग चार निवडणुकांत रेणापूरने त्यांना कौल दिला. १९९१ च्या अखेरीस ते विरोधी पक्षनेते झाले, १९९४ साली त्यांनी संघर्षयात्रा काढली आणि १९९५ साली ते उपमुख्यमंत्री व गृहमंत्री झाले.

या बळाचा उगम उसाच्या फडात होता. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांची सुटका नाही. मजुरीवाढीच्या वाटाघाटींत मुंडे यांनी या माणसांची बाजू मांडली, म्हणूनच कोयत्याने त्यांना आपले मानले.

केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेतल्यावर आठच दिवसांनी, ३ जून २०१४ रोजी, त्यांचे अपघाती निधन झाले. त्यानंतरच्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे ६ लाख ९६ हजार ३२१ मतांनी विजयी झाल्या. शोकाकुल जिल्ह्याने फेडलेले ते ऋण होते. परंतु ऋण एकदाच फिटते. २०१९ साली परळीत पंकजा मुंडे यांचा त्यांचे चुलतबंधू धनंजय मुंडे यांनी ३० हजारांहून अधिक मतांनी पराभव केला आणि २०२४ साली लोकसभेला त्या बजरंग सोनवणे यांच्याकडून ६,५५३ मतांनी पराभूत झाल्या. परळीची लढत एकाच घरातली होती आणि लोकसभेच्या निकालावर आरक्षणाच्या वादाची दाट छाया होती, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि नाव कितीही मोठे असो, येथील जागा कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेली नाही, एवढे यावरून निःसंशय सिद्ध होते.

मग समजाचा खरा अर्धा भाग कोणता? येथील मतदार माणसे बदलतो, परंतु कोयत्याचा प्रश्न निवडणुकीचा प्रश्न होऊ देत नाही. जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी २०१९ साली शासकीय समितीने केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. ही गोष्ट ज्या जिल्ह्यात उघड झाली, तेथे त्यानंतरचा प्रचार जातींच्या बेरजांभोवती फिरावा, याचा आम्हांस खेद होतो. अनेक दशके मागणी होत असलेली रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला पोहोचली. जे नेटाने मागितले जाते ते उशिरा का होईना मिळते, हा त्यातील बोध आहे.

मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. त्यांचे नाव घेऊन मत मागणाऱ्या प्रत्येकास, मग तो कोणत्याही घराण्याचा अथवा पक्षाचा असो, मतदाराने एकच विचारावे : मागील पाच वर्षांत किती मजुरांची नोंदणी झाली, फडावर दवाखाना कोठे उभा राहिला आणि किती मुले गावच्या शाळेत राहिली? रेणापूरने १९८५ साली एका तरुण आमदारास घरी पाठवून अधिक मोठा नेता घडविला. तो अधिकार आजही मतदाराच्या हाती आहे. त्याने तो जातीसाठी न वापरता आपल्या मुलांसाठी वापरावा.