दुखावलेली कंबर आणि फिजिओथेरपी

पाठीत उसण भरली की आपल्या घरांत पहिली आठवण होते ती तेलाच्या वाटीची. शनवार तेल्यांच्या वंशजांना त्याचे नवल ते काय! मालीश आणि शेकाने आराम पडतो, झोप लागते. पण पाठीचे गेलेले बळ त्याने परत येत नाही. त्याला व्यायामच हवा.

आपली मुले-मुली आता परदेशी रुग्णसेवेत आहेत, म्हणून आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील स्लायगोचे उदाहरण घेऊ. त्या देशातील रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत भारतीय परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. रुग्णाला कुशीवर वळवताना, खाटेवरून खुर्चीत बसवताना कंबर दुखावते. ओझे हाताने उचलण्यातील धोका कमी करण्याची जबाबदारी तिथल्या २००७च्या नियमांनी मालकावर टाकली आहे.

तरीही पाठ दुखावली तर? पूर्वी फळीवर निजून राहायला सांगत. आता तसे सांगत नाहीत, कारण पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात. बहुतेक साधी दुखणी सुमारे सहा आठवड्यांत बरीच कमी होतात. फिजिओथेरपिस्ट आधी तपासणी करतो. मग थोडे चालणे आणि हलक्या हालचाली, पुढे पोट, पाठ व नितंबांच्या बळकटीचे व्यायाम आणि शेवटी हलक्या वजनापासून उचलण्याचा सराव. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी शमले, तर घाबरू नये.

जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये व्यायाम आणि रुग्णशिक्षणाची शिफारस केली. कमरपट्टा, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाऊंडचा शेक नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत, असेही सांगितले.

स्लायगोत खासगी फिजिओथेरपिस्टकडे थेट जाता येते. मात्र ‘कोरू’ या सरकारी नियामक संस्थेच्या नोंदवहीत त्याचे नाव आहे का, ते पाहावे.

लघवी अडणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत अशक्तपणा, पाठदुखीबरोबर ताप, किंवा पडल्यानंतर असह्य वेदना असतील, तर व्यायाम नको. तात्काळ रुग्णालय गाठावे.

एरवी पहिल्याच भेटीत विचारावे: घरी रोज कोणता व्यायाम, किती वेळा करू? आणि कामावर परतल्यावर किती वजन उचलू?