दिल्लीच्या टेकडीवरील वेडी बाभूळ

झाडे दिसली की वन आले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती किती अपुरी आहे हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने दिल्लीच्या टेकड्यांकडे लक्ष द्यावे. दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगर ह्या वसाहती मागे टाकून नैर्ऋत्येकडे काही किलोमीटर गेले म्हणजे वसंत विहाराजवळ खडकाळ उंचवटा लागतो. अरवली पर्वताची रांग राजस्थानातून ईशान्येकडे येत येत दिल्लीत यमुनेजवळ संपते. तिच्या ह्या अखेरच्या शाखेस दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात. वर्षाचा बहुतेक काळ ही रिज हिरवी दिसते. परंतु त्या हिरवेपणाचा फार मोठा भाग एकाच परकीय वृक्षाचा आहे. दिल्लीत त्यास ‘विलायती कीकर’, गुजरातेत ‘गांडो बावळ’ आणि आपल्याकडे ‘वेडी बाभूळ’ म्हणतात.

नावात बाभूळ असली तरी ही खरी बाभूळ नव्हे. तिचे जवळचे नाते आहे ते शमीशी. अज्ञातवासात जाताना पांडवांनी जिच्यावर आपली शस्त्रे ठेवली असे महाभारत सांगते आणि दसऱ्यास जिची पूजा होते, तीच ही शमी. दोघींस वनस्पतिशास्त्रज्ञ दीर्घकाळ ‘प्रोसोपिस’ ह्या एकाच वंशात गणत आले. अलीकडील वर्गीकरणात वेडी बाभूळ ‘नेल्टुमा’ ह्या निराळ्या वंशात घातली आहे. शमी येथलीच, वेडी बाभूळ मात्र मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग येथील रहिवासी.

ती आली कशी?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८७७ च्या सुमारास, हिचे बी भारतात आले. हेतू चांगला होता. रुक्ष प्रदेशात लवकर वाढणारे, सरपण देणारे आणि वाळू थोपवणारे झाड हवे होते. १२ डिसेंबर १९११ रोजी राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाली, तेव्हा चराईने आणि लाकूडतोडीने उजाड झालेली रिज नव्या नगरीच्या पार्श्वभूमीस हिरवी असावी असे वाटणे स्वाभाविक होते. पुढील काही दशकांत तेथे वेडी बाभूळ रुजली. जोधपूर संस्थानाने तर १९४० मध्ये तिला ‘शाही वृक्ष’ असा मान दिला. १९६१ मध्ये कच्छमधील बन्नीच्या गवताळ प्रदेशाभोवती क्षारांचा प्रसार रोखण्यासाठी तिची लागवड झाली आणि पुढे त्या चराऊ रानांचा मोठा भाग तिने व्यापला.

तिच्या सामर्थ्याचे रहस्य

हिच्या शेंगा गोड असतात. गुरे, शेळ्या, नीलगाई त्या आवडीने खातात. बीचे कवच कठीण असल्यामुळे ते पचत नाही. उलट जठरातील प्रवासाने ते नरम होते आणि शेणाबरोबर नव्या जागी पडते. तेथे त्यास ओल मिळते आणि खतही आयतेच लाभते. मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधतात, म्हणून निकस आणि खारट जमीनही हिला चालते. मुळे फार खोल जातात. १९६० मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातील एका उघड्या खाणीत हिच्याच एका सगोत्र वृक्षाची मुळे सुमारे ५३ मीटर खोलीवर आढळल्याची नोंद आहे. बुंधा तोडला तर जमिनीलगतच्या सुप्त अंकुरांतून एकाच्या जागी अनेक फांद्या फुटतात. शिवाय गळलेल्या पानांतून मातीत उतरणारी काही रासायनिक द्रव्ये इतर वनस्पतींच्या बियांस रुजू देत नाहीत. दाट सावली आणि ही द्रव्ये ह्यांच्या योगाने झाडाखालची जमीन ओसाड राहते.

ह्याचा परिणाम असा, की झाडे पुष्कळ आणि वन नाही. गवत, वेली, झुडुपे आणि वृक्ष असे थर ज्या वनात असतात, तेथे निरनिराळ्या ऋतूंत फुले, फळे आणि कीटक मिळतात. त्यांवर निरनिराळे पक्षी आणि प्राणी जगतात. एकाच जातीच्या झाडीत ही विविधता टिकत नाही.

रिजचे मूळचे वन कसे असावे, ह्याचा नमुना सुदैवाने शिल्लक आहे. दिल्लीच्या सीमेला लागून, हरियाणातील मांगर गावाजवळ ‘मांगर बनी’ ही देवराई आहे. गुदडियादास बाबांवरील श्रद्धेमुळे आसपासच्या गुर्जर ग्रामस्थांनी तेथे कुऱ्हाड चालू दिली नाही. ह्या देवराईत ‘धौ’ नावाचा वृक्ष मुख्य आहे. आपल्या सह्याद्रीतील धावड्याचा तो भाऊबंद. शेळ्यांनी सतत खाल्ला तर धौ खडकावर चटईसारखा पसरून तग धरतो आणि संरक्षण मिळताच डोके वर काढतो. अशा वृक्षास नव्याने आणावयाचे नसते, त्यास केवळ संधी द्यावयाची असते, ही मोलाची शिकवण ह्या देवराईने शास्त्रज्ञांस दिली आहे.

उपाय कोणता?

वेडी बाभूळ सरसकट तोडावी, हा उपाय सुचतो सहज. परंतु तो फसवा आहे. तोडलेल्या बुंध्यास पुन्हा धुमारे फुटतात, उघड्या झालेल्या जमिनीवर मातीतील तिचेच बी उगवते आणि ज्या पाखरांनी ह्या झाडीत घरटी केली ती एकाएकी निराश्रित होतात.

दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठ ह्यांनी प्राध्यापक सी. आर. बाबू ह्यांच्या मार्गदर्शनाखाली वसंत विहाराजवळ अरवली जैवविविधता उद्यान उभारले. तेथे निराळी वाट धरली गेली. ही भूमी पूर्वी खाणकामाने पोखरलेली होती आणि वेड्या बाभळीने व्यापलेली होती. तेथे झाडे एकदम न पाडता त्यांचा माथा छाटून खाली ऊन पोहोचू दिले आणि त्या उन्हात अरवलीची मूळची झाडेझुडुपे लावली. ती वाढू लागली, तसतशी वेडी बाभूळ मागे हटू लागली. खाणींच्या जुन्या खड्ड्यांचाही उपयोग झाला. त्यांच्या सावलीत आणि ओलाव्यात नेचे व ऑर्किड वाढवले गेले.

जोधपूरचा अनुभव ह्याहून कठोर आहे. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टर खडकाळ भूमीवर २००६ मध्ये प्रदीप कृष्ण ह्यांच्या देखरेखीखाली राव जोधा उद्यानाचे काम सुरू झाले. तेथे वेड्या बाभळीची मुळे खडकाच्या भेगांत रुतून बसली होती. अखेर दगडफोडीचा पिढीजात अनुभव असलेल्या स्थानिक कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने सुमारे दीड फूट खोल खडक फोडून ती काढली आणि त्याच खळग्यांत वाळवंटातील देशी झाडे लावली. ज्या जोधपुराने तिला शाही मान दिला, तेथेच तिला खडकातून कोरून काढावे लागले.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. हजारो गरीब घरांतील चूल ह्याच झाडाच्या लाकडावर पेटते आणि अनेक जिल्ह्यांत त्याच्या कोळशावर मजुरांची पोटे भरतात. शेंगांत साखर आणि प्रथिने असल्यामुळे त्यांचे पीठ पशुखाद्यात वापरता येते. दळताना बी फुटत असल्याने प्रसारासही आळा बसतो. सबब जेथे ते हटवावयाचे, तेथे सरपणाची आणि चाऱ्याची पर्यायी सोय प्रथम व्हावयास हवी. ती न करता केलेले पुनर्वनीकरण ज्यांच्या चुली विझवील, ते लोक नवी रोपे तोडल्याखेरीज राहणार नाहीत. आणि त्याबद्दल त्यांस दोष देता येणार नाही.

१९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी ह्यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून दर पावसाळ्यात आपण रोपे लावीत आलो आहोत. रोप हाती घेताना, हे झाड किती लवकर वाढेल, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ह्या मातीत त्याचे सोबती कोण, त्याचे बी कोण नेईल, त्याच्या सावलीत काय उगवेल आणि नको झाले तर ते काढता येईल काय, हेही विचारावयास हवे. दिल्लीत वेडी बाभूळ लावणाऱ्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर अचूक मिळवले होते. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे काम त्यांच्या पश्चात शंभर वर्षांनी इतरांस करावे लागत आहे.