अपवादाने सिद्ध होतो तो कोणता नियम?

‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ हे वाक्य मराठी वादविवादांत इतके रुळले आहे की ते एका इंग्रजी म्हणीवरून आले आहे याची आठवण सहसा कोणाला राहत नाही. परंतु ज्या अर्थाने ते वापरले जाते तो अर्थ त्या म्हणीच्या उगमाशी जुळत नाही आणि तर्काच्या कसोटीवरही टिकत नाही. वापराची रीत ठरलेली आहे. एक जण सरसकट विधान करतो, दुसरा त्याला छेद देणारे ठोस उदाहरण पुढे ठेवतो आणि पहिला हे वाक्य उच्चारून ते उदाहरण निकालात काढतो. मुलींना उच्च गणित झेपत नाही, या विधानावर मरियम मिर्झाखानी २०१४ साली फील्ड्स पदकाच्या पहिल्या महिला मानकरी ठरल्या याकडे लक्ष वेधले तरी हेच उत्तर मिळते, आणि २०२२ साली तेच पदक मारिना व्याझोव्स्का यांना मिळाल्याचे सांगितले तरी उत्तर बदलत नाही. या न्यायाने विरोधी उदाहरणे जितकी वाढतील तितके मूळ विधान अधिक खरे ठरत जाईल आणि कोणतेही विधान कधीच खोटे ठरू शकणार नाही. पूर्वग्रहाला पुराव्यापासून अभय देणारे वाक्य शहाणपणाचे वचन म्हणून सुशिक्षितांच्या तोंडी असावे, ही क्षुल्लक बाब नव्हे.

मूळ वचन कायद्याच्या व्यवहारातले आहे. लॅटिनमध्ये ते ‘एक्सेप्तिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्तिस’ असे असून सतराव्या शतकापासून इंग्लंडमधील लेखनात ते आढळते. काही बाबी स्पष्टपणे वगळल्या असतील, तर त्या वगळण्यावरूनच उरलेल्या बाबींना नियम लागू आहे हे सिद्ध होते, असा त्याचा अर्थ आहे. प्रचलित म्हणीतून या वचनाचा ‘न वगळलेल्या बाबींत’ हा उत्तरार्ध गळाला आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात झाली. या वचनातील अपवाद म्हणजे नियमाविरुद्ध घडलेली घटना नव्हे, तर नियम करणाऱ्याने स्वतः, समजून उमजून दिलेली सूट होय.

शाळेच्या सूचनाफलकावर ‘शनिवारी गणवेश नसला तरी चालेल’ एवढीच ओळ लिहिलेली असेल, तर शाळेची नियमावली कधीही न पाहिलेल्या पालकालाही सोमवार ते शुक्रवार गणवेश सक्तीचा आहे हे कळते. गणवेशाचा नियम त्या फलकावर कोठेही लिहिलेला नसतो. तो शनिवारच्या सवलतीवरून सिद्ध होतो, कारण सक्तीच नसती तर सवलत देण्याचे कारण उरले नसते. याउलट एखादा विद्यार्थी मंगळवारी साध्या कपड्यांत शाळेत आला, तर त्याच्या येण्याने गणवेशाचा नियम सिद्ध होत नाही. नियम मोडला गेला, किंवा तो पाळला जात नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते. मिर्झाखानी यांचे उदाहरण या दुसऱ्या प्रकारचे आहे. ‘मुलींना गणित येणार नाही, मात्र अमुक व्यक्तीला सूट आहे’ असा हुकूम कोणीही काढलेला नाही.

या युक्तिवादाचे प्रसिद्ध प्राचीन उदाहरण रोममधील आहे. गादेस, म्हणजे आजच्या स्पेनमधील कादिझ, या नगरातील बाल्बस याला पाँपीने रोमचे नागरिकत्व दिले होते आणि गादेस हे तहाने बांधलेले नगर असल्याने ते बेकायदेशीर ठरते, असा त्याच्यावर आरोप होता. इसवी सन पूर्व ५६ मध्ये त्याची बाजू मांडताना सिसेरोने दाखवून दिले की हेल्वेती वगैरे काही जमातींशी झालेल्या तहांत त्यांच्यापैकी कोणालाही रोमने नागरिक करून घेऊ नये असे स्पष्ट कलम आहे. तहातील कलमामुळे तेथे मनाई होत असेल, तर जेथे तसे कलमच नाही तेथे परवानगी आहे असेच मानले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. बाल्बस निर्दोष सुटला.

भारतीय घटनाकायद्यातही ही विचारपद्धती ओळखीची आहे, आणि तिचे एक मोलाचे उदाहरण पुण्याच्या ‘सकाळ’ने लढवलेल्या खटल्यात सापडते. १९५६ च्या कायद्याने आणि त्याखालील १९६० च्या आदेशाने वृत्तपत्रांची पृष्ठसंख्या त्यांच्या किमतीशी बांधली गेली होती, आणि लहान वृत्तपत्रांना संरक्षण मिळावे म्हणून हे केले, अशी सरकारची बाजू होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतात त्याची यादी दिलेली आहे. ‘सर्वसाधारण जनतेचे हित’ हे कारण व्यवसायस्वातंत्र्याच्या बाबतीत आहे, भाषणस्वातंत्र्याच्या यादीत नाही. यादीत नसलेल्या कारणासाठी भाषणस्वातंत्र्य आवळता येणार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली तो कायदा आणि आदेश दोन्ही रद्द ठरवले. अपवादांची यादी जेवढी नेमकी, तेवढा यादीबाहेरचा नियम भक्कम, हे येथे प्रत्यक्ष निकालात उतरलेले दिसते.

या म्हणीची दुसरी एक दुरुस्ती चोखंदळ मंडळींत फिरत असते आणि तीही चुकीचीच आहे. इंग्रजीतील ‘प्रूव्ह’ या क्रियापदाचा जुना अर्थ ‘पारखणे’ असा असल्याने अपवादामुळे नियमाची परीक्षा होते, एवढेच या म्हणीला सांगायचे आहे, असे ही मंडळी सांगतात. तो जुना अर्थ खरा आहे. पुडिंगची पारख खाण्यात असते, या इंग्रजी म्हणीत तो आजही शिल्लक आहे. परंतु लॅटिन वचनाचा उत्तरार्ध समोर ठेवला की हा अर्थ तेथे बसत नाही, कारण वगळलेल्या गोष्टीने न वगळलेल्या गोष्टींची परीक्षा कशी होणार? शिवाय निसर्गाविषयीच्या विधानांना या म्हणीची गरजही नाही. सर्व हंस पांढरे असतात ही युरोपीय समजूत १६९७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात डच दर्यावर्दी विलेम द व्लामिंग याच्या ताफ्याला काळे हंस दिसल्यावर सिद्ध झाली नाही, संपली. ‘बहुतेक’ हा शब्द जोडलेले विधान एका विरोधी उदाहरणाने कोसळत नाही हे मान्य केलेच पाहिजे. पण न कोसळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. इंग्रजी शब्दवापराचे साक्षेपी कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या कोशात या म्हणीचे निरनिराळे वापर वेगळे करून दाखवले, त्यांत एक सौम्य वापरही आहे: जुलैतला कोकणातील कोरडा दिवस कोणाला मुद्दाम सांगावासा वाटला, तर एरवी तेथे पाऊस असतो हे त्या नवलावरून कळते. येथेही सिद्ध होते ती सांगणाऱ्याची अपेक्षा. पावसाचा पुरावा पर्जन्यमापकातच शोधावा लागतो.

इतर इंग्रजी वाक्प्रचारांविषयीचे गैरसमज त्या मानाने थोडक्यात निकाली निघतात. ‘रक्त पाण्यापेक्षा दाट’ या म्हणीचे मूळ रूप ‘शपथेचे रक्त गर्भाशयातील पाण्यापेक्षा दाट’ असे असून अर्थ नेमका उलटा होता, हे समाजमाध्यमांवरील विधान पूर्णपणे निराधार आहे. जुन्या स्कॉटिश म्हणसंग्रहांत ही म्हण नात्यागोत्याच्याच अर्थाने येते. मांजरे आणि कुत्री पडावीत तसा पाऊस, या वाक्प्रचाराचा संबंध गवती छपरावरून घसरणाऱ्या प्राण्यांशी जोडणारी कथा १९९९ च्या सुमारास ई-मेलने पसरली. तिला आधार नाही. ‘घंटेने वाचवले’ हा वाक्प्रचार शवपेटीला बांधलेल्या घंटेचा नसून मुष्टियुद्धाच्या रिंगणातला आहे. ‘अंगठ्याचा नियम’, म्हणजे ढोबळ अंदाजाचे सूत्र, हा पत्नीला अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने मारण्याची मुभा देणाऱ्या इंग्रजी कायद्यातून आला, हा समज मात्र थोड्या सविस्तर उत्तरास पात्र आहे. नवऱ्याने बायकोला ‘सौम्य शिक्षा’ करण्याचा अधिकार जुन्या इंग्रजी कायद्याने मानला होता, असे इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनने अठराव्या शतकात नोंदवले आहे, त्यामुळे तो अन्याय काल्पनिक नाही. परंतु त्याच्या ग्रंथात अंगठ्याचे माप कोठेही येत नाही, ते मत १७८२ साली न्यायाधीश फ्रान्सिस बुलर यांच्या नावावर घालून व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याने त्यांच्यावर टीका केली, आणि ‘अंगठ्याचा नियम’ हे शब्द त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधीपासून अनुभवावर चालणाऱ्या कामगिरीसाठी छापील पुस्तकांत येत होते.